गाळलेले अकरा सेकंद

गाडीचे दार लावल्यावर 'ढप्प' असा जो भरदार आवाज येतो, तो आपोआप येत नाही. त्यासाठी कुणीतरी महिनोन्महिने रबराच्या पट्ट्या बदलत, दार उघडत-लावत बसलेला असतो. या कारखान्यात तो माणूस म्हणजे कानसाहेब. खरे नाव हजेरीपुस्तकात असेल. एरवी फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. स्वभावाने इतके भिडस्त, की स्वतःच्या खोलीत शिरतानाही दारावर टकटक करतील. बोलणे इतके हळू, की समोरच्याला दोनदा 'काय?' म्हणावे लागे, आणि तिसऱ्यांदा तो लाजेखातर नुसती मान डोलावी.

कारखान्याची नवी मोठी गाडी अकरा दिवसांनी विक्रीला निघायची होती. तीन रांगा, सात जागा, वजन पावणेतीन टन. दार उघडले की पायरी आपणहून खाली येई. दहा एअरबॅग, पोलादी पिंजऱ्यासारखा सांगाडा, धडक बसणार अशी चाहूल लागताच आधीच आवळले जाणारे पट्टे. काचा दुहेरी. बाहेरून ट्रक भोंगा वाजवत गेला तरी आत बसलेल्याला ट्रकवाल्याचे फक्त चिडलेले तोंड दिसावे.

पण त्या शांततेनेच एक घोळ करून ठेवला होता. एवढी मोठी गाडी, आणि इंजिनाचा आवाजच नाही. शिवाय जुने आठ सिलिंडरचे इंजिन काढून तिथे सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन बसवले होते. ताकद कमी नव्हती, इंधन कमी खाई. पण कान लावून ऐकले तर स्वयंपाकघरात मिक्सर चालल्यासारखे वाटे. मोठे साहेब म्हणाले होते, "हत्तीच्या तोंडात मांजराचा आवाज नको." म्हणून जुन्या इंजिनाचा आवाज ध्वनिमुद्रित करून तो गाडीतल्या बावीस स्पीकरांतून ऐकवायचा असे ठरले. पाय जितका दाबाल, तितका तो चढेल. ते काम अर्थातच कानसाहेबांकडे आले.

त्या सकाळी शेवटची चाचणी होती. मोठे साहेब स्वतः चालवत होते, शेजारी कानसाहेब, मागे ब्रेक विभागाची प्रमुख. तिला सगळे ब्रेकताई म्हणत. तिशी ओलांडलेली, तोंडाने फटकळ.

"वा!" साहेब म्हणाले. "ऐका, ऐका. कसला चढतोय! जोर नाही, धाप नाही. राजासारखा."

"राजाला धाप लागायला राजा चालतो कुठं, सर?" मागून ब्रेकताई म्हणाली.

साहेब हसले. कानसाहेबही हसणार, इतक्यात त्यांना ते ऐकू आले.

टक्.

जीभ टाळूला लावून सोडली की होतो तसा आवाज. अगदी बारीक, इंजिनाच्या घरघरीत बुडालेला. आणि तो उजवीकडून, चालकाच्या डोक्याजवळून आला होता. कानसाहेबांनी चटकन साहेबांकडे पाहिले. साहेबांचे तोंड मिटलेले होते.

"सर, पुन्हा एकदा अठराशे फेऱ्यांवरून न्याल का?"

"काय?"

"अठराशे… इंजिन…"

साहेबांनी मान डोलावली आणि गाडी पुन्हा चढवली. अठराशेच्या जरा वर काटा गेला, आणि बरोबर तिथेच, टक्.

"काही ऐकू आलं का?" कानसाहेबांनी मागे वळून विचारले.

"तुम्हाला ऐकू आलं आणि आम्हालाही आलं, तर मग तुमचा पगार कशाला?" ब्रेकताई म्हणाली. पण त्यांचा चेहरा पाहून तिचे हसू ओसरले. "बरं वाटत नाही का?"

"उकडतंय," ते म्हणाले. गाडीत गारवा होता.

तो आवाज त्यांना ओळखीचा होता. जगात एकच माणूस तसा आवाज काढत असे, आणि तो जाऊन दोन वर्षे झाली होती.

तो माणूस म्हणजे त्यांच्या बायकोचा थोरला भाऊ. कानसाहेबांची मुले त्याला मामा म्हणत, म्हणून सगळा कारखानाच मामा म्हणू लागला. चाचणीच्या गाड्या चालवण्यात त्याची हयात गेली होती. त्याला एक खोड होती. गाडी चालवताना तो काट्यांवरचे आकडे मोठ्याने वाचत राही. 'साठ. बासष्ट. तापमान ठीक. पासष्ट.' त्यामुळे ध्वनिमुद्रणाचे वाटोळे होई. कानसाहेबांनी हात जोडून सांगितले, "माझी माइकं बसवलेली असतील तेव्हा तरी तोंडातून शब्द काढू नका."

"बरं, पाहुणे," मामा म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला लग्नानंतर जे पाहुणे म्हणायला लागला, ते वीस वर्षे तेच. "शब्द नाही काढणार."

शब्द काढला नाही, पण आकडा बदलला की जीभ टाळूला लावून टक् करायचा. कानसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि शेवटी यंत्रातच एक चाळणी तयार केली. मुद्रण तिच्यातून गेले की इंजिनाचा आवाज एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे पडे. शिंक, खोकला, सीटची करकर, मामाचे टक्. या दुसऱ्या फाइलला ते 'गाळ' म्हणत. इंजिनाचा एखादा कण चुकून तिकडे गेला नाही ना, एवढे पाहण्यापुरताच गाळ ठेवायचा, मग फेकून द्यायचा. टक् नेमका इंजिनाच्या ठोक्यावर पडला तर चाळणी फसे आणि थोडा राहून जाई, हेही त्यांना माहीत होते. पण तसे क्वचितच घडे.

दोन वर्षांपूर्वी नव्या गाडीचा सांगाडा तयार झाला, तेव्हा त्यात तात्पुरते जुने इंजिन बसवले होते. ब्रेक मात्र नवे होते, विजेवर चालणारे. मामा ती गाडी घेऊन उताराच्या पट्ट्यावर गेला आणि परत आला नाही. गाडी कठडा तोडून काँक्रीटच्या खांबावर आडवी आदळली होती. सांगाडा टिकला, पट्टे आवळले गेले, दहाही एअरबॅग उघडल्या. सगळे चोख झाले. फक्त मामाची मान टिकली नाही.

चौकशी समिती बसली. गाडीतल्या नोंदपेटीने सांगितले की शेवटचे अकरा सेकंद ब्रेकचे पॅडल दाबलेच गेले नव्हते. समितीने ध्वनिमुद्रण मागवले. कानसाहेबांचे लक्ष ठिकाणावर नव्हते. पण हातांना वीस वर्षांची सवय होती. मुद्रण चाळणीतून काढले, यंत्राचे कार्ड उद्यासाठी पुसून ठेवले, आणि साफ केलेली फाइल समितीला दिली. समितीने ती ऐकली. नुसते इंजिन. ओरडणे नाही, धडपड नाही. "चालकाला झोप लागली असावी," असे अहवालात लिहिले गेले.

समितीला साफ फाइल देऊन काय उपयोग, हे त्यांच्या लक्षात आले ते आठ दिवसांनी. तोवर गाळ एका डिस्कवर त्यांच्या खणात पडला होता. ऐकायचा धीर झाला नाही. मामा मरताना कसा ओरडला, ते ऐकायचे? आणि ऐकून करायचे काय? फेकायचाही धीर झाला नाही. त्यांनी खणाला कुलूप लावले आणि किल्ली किल्ल्यांच्या जुडग्यातच राहू दिली, म्हणजे ती कुठे आहे ते विसरल्यासारखे करता यावे.

घरी त्याचा परिणाम वेगळाच झाला. मामाची आई, म्हणजे कानसाहेबांची सासू, अपघाताच्या आदल्या रात्री तापाने फणफणली होती. मामा तिच्या उशाशी जागत बसला होता. 'झोप लागली' हे शब्द कानावर पडले आणि म्हातारीने ते स्वतःकडे ओढून घेतले. कोणीही भेटायला आले की ती एकच सांगे, "मी त्याला जागवलं. मी खोकत राहिले आणि तो जागत राहिला. माझ्या खोकल्यानं गेला तो." मुलगी, म्हणजे कानसाहेबांची बायको, समजावून थकली. पुढे पुढे तीही गप्प बसू लागली, आणि तिच्या गप्प बसण्यात हो होते की नाही, हे कानसाहेबांना दोन वर्षांत विचारता आले नव्हते.

चाचणीहून परतल्यावर ते कारखान्याच्या अंगणात उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत जाऊन बसले. दार ओढले. ढप्प. बाहेरचे जग बंद झाले. त्यांनी हळूच पाय दाबला. सोळाशे. सतराशे. अठराशे. टक्. उजव्या कानाशी, जणू शेजारी कोणी बसले आहे. ते तिसऱ्या गाडीत गेले, चौथ्या गाडीत गेले. रांगेत चाळीस गाड्या उभ्या होत्या, आणि प्रत्येकीत मामा बसलेला होता.

आवाजाचा तुकडा निवडताना त्यांची एक पद्धत होती. चाचणीच्या चारशे फेऱ्यांची मुद्रणे संगणकात होती. संगणक त्यांतले सर्वांत एकसारखे चढणारे तुकडे पुढे करी, आणि कानसाहेब तुकड्याचा क्रमांक न पाहता, नुसत्या कानाने एक उचलत. क्रमांक पाहिला की मन आधीच ठरवून बसते, असे त्यांचे म्हणणे. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा क्रमांक पाहिला.

मामाच्या शेवटच्या फेरीचा तुकडा होता. शेवटचे अकरा सेकंद.

आता सगळे उलगडत गेले, आणि ते उलगडू नये असे वाटत राहिले. जोर नाही, धाप नाही, असे साहेब म्हणाले होते. जोर असणार कसा? इंजिन गाडीला ओढतच नव्हते. उतार ओढत होता. आणि झोपलेल्या माणसाचा पाय वेगाच्या पॅडलवर जड होतो, नाहीतर सरकतो. आवाज कुठेतरी डगमगतो. हा आवाज डगमगला नव्हता. पाय जाणूनबुजून उचललेला होता. आयुष्यभर इंजिने ऐकलेल्या माणसाला हे पहिल्या फटक्यात कळायला हवे होते. त्यांनी मात्र त्याला 'सुरेख' असा शेरा मारून वर पाठवले होते.

शिवाय झोपलेला माणूस आकडे मोजत जीभ वाजवत नाही.

किल्ली जुडग्यात होतीच. त्यांनी खण उघडला, डिस्क लावली, हेडफोन चढवला. बाहेर दुपारची सुट्टी झाली होती. कोणीतरी हसत होते.

गाळात इंजिन नव्हते, वारा नव्हता, टायर नव्हते. चाळणीने ते सगळे काढून नेले होते. उरला होता नुसता मामा, एखाद्या रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसल्यासारखा.

टक्. मग धप्प, पॅडलचा आवाज. पुन्हा धप्प. धप्प, धप्प, धप्प. आणि मग शांत, नेहमीचा, आकडे वाचणारा आवाज:

"पाहुणे, बोलू नका म्हणालात, पण बोलतो. ब्रेक लागत नाही. पॅडल जातंय, ब्रेक नाही." धप्प, धप्प. "ब्याण्णव. हातब्रेकचं बटण, तेही नाही. अठ्ठ्याण्णव. पाहुणे, हे लिहून घ्या—"

पुढे काही नव्हते.

कानसाहेबांनी हेडफोन काढला नाही. आपल्याला हाक मारून सांगितलेला निरोप दोन वर्षे आपल्याच खणात होता, आणि तो आपणच गाळला होता. मग ते डिस्क घेऊन उठले, ब्रेक विभागात गेले, आणि टकटक न करता आत शिरले.

ब्रेकताईने एकदा ऐकले. दुसऱ्यांदा ऐकताना तिने टेबलावर बोट आपटून धप्प मोजले. "सात," ती म्हणाली. "शक्य नाही. पॅडलला दोन सेन्सर आहेत. एक खोटं बोलला तर दुसरा पकडतो."

"आणि त्यांच्या तारा?"

"वेगवेगळ्या."

"प्लग?"

"एकच. दोन्ही तारा त्यातूनच जातात," ती म्हणाली आणि उठलीच. त्यांना घेऊन ती तडक कार्यशाळेत गेली. उचलून धरलेल्या गाडीखाली वाकली आणि एक काळा प्लग अर्धाच बाहेर ओढला, खडबडीत रस्त्याने हळूहळू सैल व्हावा तितका. "बसा आत. दाबा."

कानसाहेबांनी पॅडल दाबले. पडद्यावर शून्य. पुन्हा दाबले. शून्य. इशाऱ्याचा दिवा लागला नाही, घंटी वाजली नाही.

"दोघंही शून्य म्हणतात," ती खालून म्हणाली. "दोघांचं एकमत झालं की यंत्र खूश. मग नोंदपेटीही तेच लिहिणार. हातब्रेकच्या बटणाची तारही याच प्लगातून जाते." प्लग परत दाबून बसवत ती म्हणाली, "हा प्लग मी निवडला होता, कानसाहेब. छान बसतो म्हणून." आणि गाडीखालून बाहेर येत, "अंगणातल्या चाळीसही गाड्यांत हाच आहे."

दोघे तसेच मोठ्या साहेबांकडे गेले. साहेबांनी गाळ ऐकला, कपाळ चोळले, मग आवाज चढवला. "दोन वर्षं! दोन वर्षं तुम्ही करत काय होतात?"

"घाबरलो होतो," कानसाहेब म्हणाले.

"काय?"

"घाबरलो होतो, सर. फाइल मी साफ करून दिली. गाळ माझ्याकडे होता. तेही लिहा अहवालात."

साहेबांनी फोन उचलला आणि विक्रीची तारीख पुढे ढकलायला सांगितले. पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. ब्रेकताई प्लगची नवी आकृती काढायला तिथूनच निघून गेली. फोन ठेवून साहेब दमल्यासारखे म्हणाले, "प्लग बदलू, अहवाल बदलू. आवाज मात्र राहू द्या. तो टक् तेवढा पुसा. आपल्या लोकांना फार आवडलाय हो तो आवाज."

"नाही," कानसाहेब म्हणाले.

साहेबांना हे पहिल्याच वेळी ऐकू गेले.

त्या संध्याकाळी ते लवकर घरी आले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने त्यांच्याकडे पाहिले आणि हातातला सदरा खाली ठेवला. "अहो, काय झालं?"

त्यांनी सगळे सांगितले. सांगताना एकदाही तिच्या डोळ्यांकडे पाहता आले नाही. तिने मध्ये अडवले नाही, म्हणून आणखी कठीण गेले.

"म्हणजे दादा बोलला होता," शेवटी ती म्हणाली. "आणि ते तुमच्याजवळ होतं."

"खणात होतं. ऑफिसच्या."

"तेच म्हणते मी. तुमच्याजवळ."

"हो."

"मी आईला रोज काय सांगत होते, ठाऊक आहे ना? तुझा काही दोष नाही, म्हणून. आणि मला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं. तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत असायचात." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरे झाले असते. तिने हात पुढे केला. "द्या. ऐकवा."

"नको ऐकूस. शेवटी—"

"माझा भाऊ आहे तो. द्या."

त्यांनी डिस्क घरच्या संगणकाला लावली आणि तिने ऐकले. हेडफोन तसाच कानावर ठेवून खिडकीबाहेर पाहत राहिली. मग डोळे पुसले, पायांत चपला घातल्या. "चला. आईकडे."

"तू सांगशील का?" ते म्हणाले. "माझं त्यांना ऐकू जात नाही."

"तुम्हीच सांगायचं."

सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे राहत. कानाचे यंत्र त्यांनी कपाटात टाकले होते. त्यातून सगळे भांडल्यासारखे बोलतात, असे त्यांचे म्हणणे. जावयाला पाहून त्या सावरून बसल्या. "या, जावईबापू. आज इकडे कसे?"

कानसाहेब त्यांच्या समोर स्टुलावर बसले. "मामांना झोप लागली नव्हती," ते म्हणाले.

"जेवून आलात? बरं केलंत."

"झोप नव्हती लागली त्यांना. ब्रेक बिघडला होता."

"काय म्हणतात हे?" म्हातारीने मुलीला विचारले. मुलगी दाराला टेकून उभी होती. तिने नवऱ्याकडे बोट दाखवले.

कानसाहेब उठून उभे राहिले. आयुष्यात ते कधी कोणावर ओरडले नव्हते, मुलांवरही नाही. खिडकी उघडी होती, समोरच्या सज्जात दोन बायका बोलत होत्या. त्यांनी खिडकी लावायला हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"तुमच्या मुलाला झोप लागली नव्हती!" त्यांचा आवाज फाटला. सज्जातले बोलणे थांबले. "तो जागा होता! त्यानं सात वेळा ब्रेक दाबला! गाडी खराब होती! तुमच्या खोकल्यानं काही झालं नाही!"

म्हातारीचा हात हळूहळू तोंडाशी गेला. ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

"जागा होता?"

"जागा होता!"

"सात वेळा?"

"सात वेळा!"

ती पुटपुटत सात बोटे मोजू लागली. मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग मान वर करून तिने विचारले, "तुम्हाला हे कधी कळलं, जावईबापू?"

हा प्रश्न तिने अगदी हळू विचारला होता, आणि त्याचे उत्तरही हळू देता आले असते. मग ते तिला ऐकू गेले नसते. कानसाहेबांनी दाराकडे पाहिले. बायको त्यांच्याकडेच पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मदतीची काही खूण नव्हती. सज्जातल्या बायका कान टवकारून उभ्या होत्या.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि तो निरोप दोन वर्षे आपल्याच खणात पडून होता, आपण तो आज ऐकला, हे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितले.